डाव्या कानातला नामू

कांगाबा, ९ नोव्हेंबर २०१३

केइताच्या लेका, फामुसा,

तुझी आई बरी आहे. भुईमूग निघाला, पोतंभर शेंगा सेकूच्या गाडीवर टाकल्यात. माझे गुडघे बरे नाहीत, पण त्यांची चौकशी तू करणार नाहीस म्हणून मीच सांगून टाकते.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मागून तुझी गिऱ्हाइकं ओरडतात. शिवाय मला जे पाहिजे ते सेकूच्या खिशातूनच येऊ शकतं.

भाऊजींनी फ्रान्सहून हेडफोन पाठवलेत. वायरचे, कान पूर्ण झाकणारे. फार महागातले नाहीत असं भाऊजी स्वतःच म्हणाले, म्हणजे नक्कीच नसणार. त्यावर मला एक गाणं नीट, धुऊन पुसून ऐकायचंय. बामाकोच्या बाजारात लोकांच्या फोनमध्ये गाणी भरून देणं हा तुझा धंदा. तेव्हा सांग, गाणं घ्यावं कुठून? फोनवरच ऐकू की दुसऱ्या कशावर? आणि फाइल कुठल्या दर्जाची मागू?

गाणं कासूमचं नवीन. परवा शिंप्याकडे बसले होते, त्याच्या रेडिओच्या डब्यावर लागलं. गिटार, ढोल, कासूमचं नेहमीचं विव्हळणं, आणि मधे न्गोनीच्या तारा. मी उभीच राहिले. ती बाबांची चाल आहे. बाबांची म्हणजे आमची, आणि आमची म्हणजे तुमच्या घराची. केइतांच्या दारी नवी नवरी उंबरा ओलांडते तेव्हा आम्हा कुयात्यांचा जेली, म्हणजे तुमच्या घराण्याचा भाट, ती वाजवतो, एरवी नाही. तुझ्या आईसाठी बाबांनी वाजवली, तुझ्या आजीसाठी माझ्या आजोबांनी. रेडिओवाले दोनदा यंत्र घेऊन आले तर बाबांनी त्यांना चहा पाजून रिकामं परत पाठवलं. आणि आज ती शिंप्याच्या डब्यावर वाजतेय आणि शिंपी पायानं ताल धरून चड्डी शिवतोय.

कुणीतरी ती चाल कासूमला दिली. ज्यानं दिली त्याला मी सोडणार नाही. बाबांच्या कबरीवरची माती मुठीत घेऊन बोललेय.

माझा संशय त्येमोकोवर आहे. बाबांच्या हाताखाली शिकला, जेवला, आणि बाबा गेल्यावर चाळिसाव्यालासुद्धा थांबला नाही. पण संशयावर मी कुणाचा गळा धरत नाही. त्या गाण्यात न्गोनीच्या मागे कुणीतरी 'नामू', म्हणजे 'होय, खरं आहे', म्हणतंय. नामू म्हणायला समोर कुणी नसेल तर बाबा तारेला बोट लावत नसत. होकार देणारा नसेल तर काय भिंतीला सांगू, म्हणायचे. तेव्हा तो नामू कुणाचा ते कळलं की चोर सापडला. शिंप्याच्या डब्यावर आवाज ओळखू येत नाही, म्हणून हे हेडफोन.

लवकर उत्तर दे. लहानपणी तुझा नामू गाढवगाडीनं यायचा, तसं नको.

तुझ्या घराची जेली,
न्येले

*

बामाको, १७ नोव्हेंबर

न्येलेताई,

शेंगा पोचल्या. अर्ध्या सेकूनं वाटेत खाल्ल्या, उरलेल्या शेजाऱ्यांनी. तुझ्या गुडघ्यांना माझा नमस्कार.

हेडफोनचं म्हणशील तर त्यांना फार मान देऊ नकोस. पुडीवर सोनेरी अक्षरात काहीही लिहिलेलं असतं. साध्या हेडफोनला मोठी फाइल देणं म्हणजे दात नसलेल्या म्हाताऱ्याला हाडाचं मटण वाढणं. त्याला रस्सा द्यावा. चौसष्टची, बारीक फाइल पुरे. बाजारात सगळे तीच घेतात, एका कार्डात हजार गाणी मावतात. फोनवरच ऐक. इतर यंत्रांच्या नादी लागू नकोस, त्यांत घरघर फार.

सोबत कार्ड पाठवतोय. कासूमचं गाणं आहे, शिवाय तुझ्या आवडीची जुनी दोनशे.

चाल बाबांचीच आहे म्हणतेस तर असेल. मी काही त्यातला जाणकार नाही. आणि दिली असेल तर त्येमोकोनं, दुसरं कोण? त्याला सगळं पाठ होतं. त्याला कधीचं बामाकोत यायचं होतं, मला दोनदा विचारलंही होतं.

आता माझं काम. सानाबाबद्दल तुला आईनं सांगितलंच असेल. तिचे वडील जुन्या वळणाचे. म्हणतात, केइताचा मुलगा असशील तर मागणीची कोलाची फळं घेऊन तुझा कुयाते जेली येऊ दे, मोटरसायकलवरचे मित्र नकोत. बाबा असते तर ते गेले असते. आता आमच्या घराची जीभ तूच आहेस. जाशील ना, ताई?

फामुसा

*

कांगाबा, ४ डिसेंबर

फामुसा,

गेले. दहा कोला, पांढरे निवडून, ओल्या पानांत बांधून नेले. सानाबाच्या बापानं मला अर्धा दिवस चटईवर बसवून तुझ्या सात पिढ्या बोलायला लावल्या, आणि आठवी येते का तेही विचारलं. मी आठवीही बोलले. शेवटी त्यानं एक कोला फोडला. मुलगी तुझी झाली. माझा घसा बसलाय तो अजून उठला नाही.

सानाबा चांगली आहे. तुझ्यापेक्षा बरीच शहाणी, पण लग्नं अशीच होतात.

आता तुझं कार्ड. ऐकलं. अंगणात ऐकलं, खोलीत दार लावून ऐकलं, हेडफोन कानावर दाबून धरून ऐकलं. रस्साच दिलास तू मला, त्यात तुकडा एकही नाही. झांज वाजते तिथे नुसतं सळसळतं. न्गोनीचं तारेवरचं टोक निघून गेलंय आणि नामू तर गिटारीच्या खाली पुरून टाकलाय. आणखी एक. डाव्या कानाला जे ऐकू येतं तेच उजव्या कानाला. भाऊजींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, हेडफोन ठीक आहेत, गाणंच दोन्हीकडून एक करून टाकलंय. असं का केलंस?

मोठी फाइल पाठव. अगदी मोठी. दात माझे शाबूत आहेत.

त्येमोकोचं मात्र मी उरकून टाकलं. तुझं पत्र आल्यावर मला आणखी पुरावा लागला नाही. शनिवारच्या बाजारात, कापडवाल्यांच्या ओळीत, सगळ्यांसमोर म्हटलं, हा पाहा, ज्या वाडग्यात जेवला त्यातच थुंकला. तो दुसऱ्या दिवशी न्गोनी बायकोजवळ ठेवून सोन्याच्या खड्ड्यांवर मजुरीला गेला म्हणतात. जेली माणूस फावडं घेऊन गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण कानानं खात्री करायचीय. तोवर झोप नाही.

न्येले

*

बामाको, १५ डिसेंबर

ताई,

तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. आई फोनवर रडली. आठव्या पिढीचं ऐकून तर मीच चकित झालो, मला चौथीपुढे येत नाही.

हे घे, तीनशे वीसची फाइल. याच्यावर बाजारात काही मिळत नाही. दोन्ही कानांना सारखं ऐकू येतं ते बरंच असतं. इथे अर्धे लोक एकच कान लावून मोटरसायकल चालवतात, दुसऱ्या बाजूचं गाणं त्यांनी काय रस्त्याला ऐकवायचं? म्हणून आम्ही सगळं एकात एक करतो. आमच्या धंद्याची रीतच आहे.

त्येमोकोला शिक्षा मिळाली, आता ते गाणं सोड. बाबांनाही असं मनात धरून बसणं आवडलं नसतं. लग्न फेब्रुवारीत धरलंय. सानाबा आमच्या अंगणात शिरेल तेव्हा तू बोलायचंस. कर्णे मी बामाकोहून आणतो, मोठे.

फामुसा

*

कांगाबा, ८ जानेवारी २०१४

फामुसा,

तुझी फाइल पाचपट जाड झाली आणि आवाज आहे तसाच. रेडिओवरच्या आसेतूला दाखवली. ती हसली. म्हणाली, "न्येलेआक्का, पेजेत पाणी ओतून भांडं भरलंय कुणीतरी. बारीक फाइलच मोठी करून जपून ठेवलीय. गेलेलं परत येतं होय असं?"

घाईत चुकला असशील. गिऱ्हाइकं ओरडत असतील.

एकच विचारते. गेल्या पावसाळ्यात बाबा अंथरुणाला खिळले, तू दोन दिवस आला होतास. मी दवाखान्यात औषधाला गेले तेव्हा तू एकटाच त्यांच्याजवळ होतास. तेव्हा त्यांनी न्गोनी मागितली होती का? वाजवलं होतं का काही?

न्येले

*

बामाको, १३ जानेवारी

ताई,

नाही. त्यांना उठून बसवत नव्हतं, वाजवणार कसले? नुसते पडून होते, मी पाय चेपत होतो. माझा फोनही तेव्हा बिघडलेला होता.

ते गाणं कशाला उकरतेस आता? बाजारात सगळीकडे तेच वाजतंय, मलाही कंटाळा आलाय.

सानाबासाठी कापड घेतलं, निळं. तुझ्यासाठीही घेतलंय.

फामुसा

*

कांगाबा, २ फेब्रुवारी

केइताच्या लेका,

ठीक आहे. तू नाही म्हणतोस तर नाही.

लग्नाला मी बोलेन. तुझ्या घराचं मीठ सात पिढ्या खाल्लंय, आता आठवी म्हणायला हवी. कर्णे चांगले बघ, घरघर नको. आणि फोन लावायची वायर आण, बाबांचं थोडं वाजवावं म्हणते.

कापडाचा रंग छान असेल.

न्येले

*

बामाको, १ मार्च

न्येले,

ताई म्हणणार नाही. त्या दिवसापासून माझ्या तोंडात तो शब्द येत नाही.

मी भर अंगणात निळ्या कापडात उभा. सानाबा उंबऱ्याशी. सगळं कांगाबा बसलेलं, केला गावचे जेली बसलेले, तिचा बाप पुढच्या चटईवर. तू उठलीस. केइता म्हणालीस, सगळे नामू म्हणाले. पणजोबांचं नाव घेतलंस, त्यांनी तुझ्या पणजोबांना दुष्काळात धान्य दिलं ते सांगितलंस, नामू. आजोबा, नामू. माझ्या बापाचं नाव घेतलंस, त्यानं तुला शाळेत घातलं म्हणालीस, नामू. माझी छाती फुगली. आता माझं नाव. आणि तू थांबलीस. मला वाटलं श्वास घेतेस. तू म्हणालीस, "याच्याबद्दल मी काय बोलू? हा स्वतःच बोललाय, ऐका." आणि कमरेच्या गाठीतून फोन काढून माझ्याच कर्ण्यांना लावलास.

बाबांची न्गोनी. चाल संपते. आणि मग सगळं शांत झाल्यावर, एकटाच, उशिरा, तो नामू.

आधी ओळखलं माझ्या आईनं. कौतुकानं म्हणाली, अगं बाई, हा तर आमच्या फामुसाचा. तिला बिचारीला काय माहीत. मग केलाचा म्हातारा उठला, चपला घातल्या आणि गेला. एकेक करून सगळे जेली उठले. सानाबाच्या बापानं मुलगी परत नेली नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. न वाजता, न बोलता माझी बायको माझ्या घरात आली. कुणाकडे पाणी मागायला यावं तशी.

असं काय केलं होतं मी? म्हाताऱ्यानं वाजवलं, मी फोनवर घेतलं. आठवण म्हणून. कासूमनं बाजारात माझ्या फोनवर ऐकलं आणि मागितलं. म्हणाला, माझी सगळी नवीन गाणी आधी तुझ्या टेबलावर येतील. चोरी केली नाही मी. चाल हवेत होती, मी ती धरून ठेवली, नाहीतर ती बाबांबरोबरच मातीत गेली असती.

फामुसा

*

कांगाबा, ९ मार्च

फामुसा,

विचारतोस म्हणून सांगते.

तुझं पेजेचं भांडं पाहून आसेतूच म्हणाली, कासूमनं रेडिओला पाठवलेली तबकडी इथे पडलीय, तिच्यात पूर्ण गाणं आहे, बाजारात येतं तसं पिळून काढलेलं नव्हे. तिनं रेडिओच्या यंत्राला माझे हेडफोन लावून दिले. भाऊजींचेच, तेच स्वस्तातले. हेडफोनमध्ये काही खोट नव्हती रे. तू मला जे ऐकायला देत होतास त्यात होती.

गिटार उजव्या कानात गेली. ढोल मधे. आणि डाव्या कानात बाबा येऊन बसले. एकटे. तारेवर नख घासतं ते, बोट उचलताना लाकूड वाजतं ते, दोन ओळींच्या मधे त्यांना लागलेला दम. मी रडले नाही, कारण मी नामूची वाट बघत होते. पहिला आला. उशिरा. दुसरा, उशिरा. तू लहानपणी सगळ्यांची तोंडं हललेली बघून मग आपलं उघडायचास, आणि बाबा म्हणायचे केइताचा नामू गाढवगाडीनं येतो. त्या खोलीत बघायला दुसरी तोंडं नव्हती तरी तू उशिराच म्हणालास. शेवटी तार थांबली आणि तुझा एकटा नामू आला, आणि त्यामागे बाबा हसले. ते हसणं कासूमच्या माणसांनी कापलंय, पण सुरुवात राहिलीय. आजारी माणूस मरणाच्या आधी शेवटचं हसला तो तुझ्या उशिराला. ते मला ऐकू द्यायचं नाही म्हणून तू दोन्ही कान एक केलेस. आसेतूनं तो डावा कान तेवढा माझ्या फोनमध्ये भरून दिला, तोच अंगणात वाजला.

तरी तुला मी विचारलं. वाजवलं का, म्हणून. तेव्हा हो म्हणाला असतास तर मी तुला चार शिव्या दिल्या असत्या, तुझ्या आईसमोर कान धरले असते, आणि लग्नात तुझं नाव घेतलं असतं. तू नाही म्हणालास. फोन बिघडला होता म्हणालास.

आणि त्येमोको. 'दुसरं कोण' असं तू लिहिलंस. तू लिहिलंस आणि मी भर बाजारात त्याला थुंकणारा म्हटलं. माझ्या जिभेनं तू एका निरपराध माणसाला फावडं धरायला लावलंस. जेलीची जीभ तुमच्या घराची असते, पण ती चोराची काठी नसते. मी खड्ड्यांवर जाऊन त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "आक्का, मला ते गाणं पहिल्या दिवशीच ओळखू आलं होतं. पण केइताच्या मुलाचं नाव मी कसं घेऊ?" त्यानं घेतलं नाही. मग मीही घेतलं नाही. तो तुला वाचवत होता, मी नाही, एवढाच फरक.

मला वाईट वाटतं का? सानाबासाठी वाटतं. तुझ्यासाठी नाही. झोप छान लागते.

न्येले

*

बामाको, ११ जानेवारी २०१५

न्येलेताई,

दहा महिन्यांनी लिहितोय. परवा मुलगा झाला. सानाबा सुखरूप आहे, माझ्या आईकडे कांगाबालाच आहे.

सातव्या दिवशी नाव ठेवायचं. मौलवी कानात सांगतील, पण ते लोकांना ओरडून सांगायला जेली लागतो. कांगाबात एकही यायला तयार नाही. केलाला माणूस पाठवला तर त्यांनी कोला तसेच परत केले. बामाकोतल्या एकाला विचारलं, त्यानं आधी विचारलं, कोण फामुसा, तो नामूवाला?

बाजारात टेबल उचललं मी. कासूमच्या गाण्यावर आता दुसऱ्याच कुणाचं दुकान चालतं.

माझ्यावर राग ठेव. पण पोरानं काय केलंय? ज्याचं नाव कुणी मोठ्यानं सांगितलं नाही असं मूल या गावात कसं वाढणार? तुझ्या बाबांचं नाव ठेवतोय. बुरामा. खुश करायला नाही, सानाबानंच सुचवलं.

उत्तर सेकूजवळ दे. तो थांबेल.

फामुसा

*

कांगाबा, १२ जानेवारी

केइताच्या लेका,

सेकू दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात.

सानाबाला कालच भेटले. बाळाचे कान मोठे आहेत, तुझे नाहीत.

मी येईन. त्येमोकोही येईल, खड्ड्यांवरून त्याला परत आणलंय. तो वाजवेल, पण ती चाल नाही. ती आता शिंप्यांची झाली, आमच्या घरात पुन्हा वाजणार नाही. सोबत कार्ड पाठवतेय. आसेतूच्या तबकडीवरून घेतलंय, पूर्ण, न पिळलेलं, दोन कान दोन बाजूंना. हेडफोन कसलेही चालतील. वायर तुटके असले तरी चालतील, फक्त डावा कान चालू असू दे. पोरगा मोठा झाला की त्याला तू स्वतः ऐकव आणि काय आहे ते तू स्वतः सांग. मी सांगणार नाही.

सातव्या दिवशी मी अंगणात उभी राहीन आणि ओरडून सांगेन: हा बुरामा. सानाबाचा मुलगा. पणजोबांचं नाव घेईन, आजोबांचं घेईन. मधे तुझी जागा येईल. तिथे मी थांबेन, सगळं अंगण थांबेल, आणि कुणी काही बोलणार नाही. तिथे तू नामू म्हणायचंस. सगळ्यांसमोर, एकट्यानं.

आणि या वेळी कुणाचं तोंड बघत बसू नकोस. वेळेवर म्हण.

न्येले